आरोग्य यंत्रणेची फाइल: झाकायचं काय, दाखवायचं काय?

या मालेत आज आपण माहिती अधिकार कायद्याच्या एका अवघड कोपऱ्याकडे वळतो आहोत. कायद्याची तोंडओळख आपल्यापैकी बहुतेकांना आहे, त्यामुळे दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत यांत फार वेळ घालवायला नको. आजचा प्रश्न नेमका आहे. सरकारी रुग्णालय, महापालिकेचा आरोग्य विभाग, अन्न व औषध प्रशासन, लशींना मंजुरी देणारी यंत्रणा, यांच्याकडे माहिती मागितली तर त्यांना काय नाकारता येतं आणि काय नाकारता येत नाही?

नुसती कलमं वाचून हे उलगडत नाही, म्हणून एक घटना समोर ठेवू. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बालकं होती. पुढच्या एका दिवसात आकडा ३१ वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं पुरेशी होती का, डॉक्टर आणि परिचारिका पुरेशा होत्या का, रुग्ण फार उशिरा तिथे पाठवले गेले का, यावर बरेच दिवस वाद चालला. त्या वादाचा निकाल आज आपण लावणार नाही. आपल्याला बघायचे आहेत कागद.

अशा कुठल्याही घटनेमागे साधारण पाच प्रकारचे कागद असतात. एक, औषध भांडाराची साठा नोंदवही आणि वरिष्ठांकडे पाठवलेली मागणीपत्रं. दोन, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, याचा तक्ता. तीन, रुग्णांचे केसपेपर. चार, औषधं आणि यंत्रं खरेदीचे करार. आणि पाच, चौकशी समितीचा अहवाल. छप्पर एकच, पण प्रत्येक कागदाला कायदा वेगळं उत्तर देतो. हे पाच कागद लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

अपवाद म्हणजे नेमकं काय?

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ साली आला. त्याच्या आधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता २००२ चा, आणि गोव्याचा तर त्याच्याही आधीचा, १९९७ चा. केंद्राच्या कायद्याची मांडणी सोपी आहे: माहिती द्यायची, हा नियम. न देणं, हा अपवाद. हे अपवाद मुख्यतः कलम ८ मध्ये आहेत आणि ते मोजके आहेत. उपकलम (१) मध्ये ‘क’पासून ‘ञ’पर्यंत दहा खंड. देशाची सुरक्षितता, न्यायालयाने केलेली मनाई, मंत्रिमंडळाची टिपणं वगैरे त्यात आलं. आरोग्य यंत्रणा ज्यांचा आधार वारंवार घेतात ते खंड चार: ‘घ’, म्हणजे व्यापारी गुपितं. ‘ङ’, म्हणजे विश्वासाश्रित संबंधातून मिळालेली माहिती. ‘ज’, म्हणजे तपासात अडथळा. आणि ‘ञ’, म्हणजे वैयक्तिक माहिती. या शेवटच्याला सगळे ‘आठ-एक-जे’ म्हणूनच ओळखतात.

माहिती नाकारायची तर जनमाहिती अधिकाऱ्याने खंड सांगावा लागतो आणि कारणही द्यावं लागतं. ‘सदर माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही’ हे वाक्य कित्येक उत्तरांत असतं, पण ‘गोपनीय’ नावाचा खंड कायद्यात कुठेच नाही. तसंच ‘फाइल सापडत नाही’ हाही अपवाद नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात हे स्पष्ट केलं: जी माहिती कधीकाळी कार्यालयात होती ती सापडत नसेल तर कसून शोध घ्यावा लागेल, आणि गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवावी लागेल.

फाइल न सापडणं ही आरोग्य क्षेत्रात किरकोळ गोष्ट नाही. २०१२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेवर आपला ५९ वा अहवाल मांडला. समितीने तपासायला ४२ औषधं निवडली होती. त्यांतल्या तीन औषधांच्या मंजुरीच्या फायलीच यंत्रणेला देता आल्या नाहीत. संसदेच्या समितीला हे उत्तर मिळत असेल, तर तालुक्यातून अर्ज करणाऱ्याचं काय होत असेल याचा अंदाज करा.

आणखी एक तरतूद, जी अर्जदार विसरतात आणि अधिकारी आठवण करून देत नाहीत. कलम १९(५) नुसार, माहिती नाकारणं योग्य होतं हे अपिलात सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर आहे. मला ही माहिती का हवी, हे अर्जदाराला सांगावंच लागत नाही.

कुलूप हवंच, पण कोणासाठी?

आता दुसरी बाजू. आरोग्य खात्याकडे असलेली सगळी माहिती उघडी करा, असं कोणी म्हणत असेल तर त्यालाही थांबवलं पाहिजे. रुग्ण डॉक्टरला जे सांगतो ते कित्येकदा घरच्यांनाही सांगत नाही. ते बाहेर जाणार असेल तर तो सांगणारच नाही, मग उपचारही होणार नाहीत आणि साथ असेल तर ती पसरेल. म्हणून २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेला स्वतंत्र संरक्षण दिलं.

हे कुलूप निघालं की काय होतं ते आपण पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये कर्नाटकात विलगीकरणात ठेवलेल्या लोकांच्या घरांचे पत्ते सरकारनेच जाहीर केले. साथ रोखायला त्या पत्त्यांचा उपयोग किती झाला हे बाजूला ठेवू. पण त्या घरांतल्या माणसांकडे शेजारीपाजारी कसे बघायला लागले असतील, हे वेगळं सांगायला नको.

आणि नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला जातो असंही नाही. दीडशे उंबऱ्यांच्या गावात एखाद्या आजाराचा एकच रुग्ण असेल तर गावाचं नाव, वय आणि तारीख एवढ्यावरून अख्खं गाव त्याला ओळखतं. अशा वेळी गावाऐवजी तालुक्याचा आकडा देणं, नेमक्या वयाऐवजी वयोगट देणं, हे योग्यच आहे.

म्हणजे कुलूप आहे, आणि ते रुग्णासाठी आहे. खरी अडचण सुरू होते ती रुग्णाच्या नावाने मिळालेली किल्ली यंत्रणा स्वतःचं कपाट बंद करायला वापरते तेव्हा.

विश्वासाचं नातं कोणाचं कोणाशी?

खंड ‘ङ’ म्हणतो की विश्वासाश्रित संबंधातून हाती आलेली माहिती द्यायला यंत्रणा बांधील नाही. डॉक्टर आणि रुग्ण हे असं नातं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात या नात्याचा अर्थ सांगितला: ज्यात एकाने दुसऱ्यावर पूर्ण विश्वास टाकलेला असतो आणि दुसऱ्याने त्याच्या हितासाठीच वागायचं असतं.

मग औषध कंपनी आणि औषध नियंत्रक यांचं नातं असं आहे का? खासगी रुग्णालय आणि त्याची नोंदणी करणारी महापालिका यांचं? इथे एक निकाल कामाला येतो, आणि तो आरोग्यावरचा नाही, बँकांवरचा आहे. रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री, डिसेंबर २०१५. रिझर्व्ह बँकेचं म्हणणं होतं की बँकांच्या तपासणीचे अहवाल आमच्याकडे विश्वासाने आलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. नियंत्रकाने बँकांचं हित जपायचं नसतं, ठेवीदारांचं आणि जनतेचं हित जपायचं असतं, असा त्या निकालाचा रोख होता. आमच्या मते हाच विचार आरोग्याला जसाच्या तसा लागू पडतो. निरीक्षक औषध कारखान्याची तपासणी करतो ते काही कारखान्याने त्याच्या कानात गुपित सांगितलं म्हणून नाही. कायद्याने त्याला आत जायचा अधिकार दिला म्हणून तो जातो. त्याचा अहवाल गोळ्या गिळणाऱ्याच्या वतीने लिहिलेला असतो.

खासगी रुग्णालयांबाबत कलम २(च) बघा. दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली सरकारी यंत्रणा खासगी संस्थेकडून जी माहिती मागवू शकते, तीही ‘माहिती’ या व्याख्येत येते. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते. कोविडच्या काळात, मे २०२० पासून, खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर राज्य सरकारने बांधून दिले होते आणि बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले होते. त्या तपासणीत किती बिलं आली आणि किती रक्कम कमी झाली, ही माहिती रुग्णालय खासगी आहे म्हणून झाकली जात नाही.

रुग्ण ओळखीचा असतो तेव्हा

कधी कधी मात्र एका विशिष्ट व्यक्तीचे वैद्यकीय कागदच लोकहिताचा विषय होतात. महाराष्ट्रातलं सुरूपसिंग नाईक प्रकरण त्यासाठी देशभर वाचलं जातं. न्यायालयाच्या अवमानाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये नाईक यांना एक महिन्याची कैद सुनावली. शिक्षेचा बराच काळ ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात होते. एका नागरिकाने त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. प्रश्न असा, की कैद्याला खरोखर उपचारांची गरज होती, की रुग्णालय ही तुरुंग टाळायची सोय होती?

मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं की शिक्षा झालेली किंवा कोठडीत असलेली व्यक्ती त्या काळात सरकारी वा सार्वजनिक रुग्णालयात दाखल असेल, तर तिचे कागद सर्वसाधारणपणे मागणाऱ्याला मिळाले पाहिजेत. नाकारायचे तर ते अपवादात्मक परिस्थितीत आणि लेखी कारणं देऊन. डॉक्टरांच्या आचारसंहितेतला गोपनीयतेचा नियम माहिती अधिकार कायद्यापुढे टिकणार नाही, असंही न्यायालय म्हणालं.

या निकालाचा अर्थ फार ताणू नका. शेजारच्या खाटेवरच्या सामान्य रुग्णाचे कागद त्याने उघडे झाले नाहीत. कैदेतल्या माणसाला राज्य कसं वागवतं, हे सार्वजनिक कामकाज आहे म्हणून ते कागद उघडे झाले. तोलायचं ते हे.

व्यापारी गुपित आणि लशीची कुपी

आता खंड ‘घ’. एखाद्या कंपनीचं उत्पादनतंत्र सरकारकडे मंजुरीसाठी आलेलं असेल आणि ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडलं तर नुकसान होईल, हे खरंच आहे. पण या खंडातच पुढे लिहिलं आहे की व्यापक लोकहितासाठी गरज असेल तर माहिती देता येईल. म्हणून विचारायचं ते असं: औषध कसं बनवलं हे गुपित असू शकतं. पण ते माणसावर चाललं का, आणि त्याचे दुष्परिणाम किती जणांना झाले, हे गुपित कसं?

कोविड लशींबाबत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला. जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार, निकाल २ मे २०२२. न्यायालयाने सक्ती करून कोणाला लस टोचता येणार नाही असं सांगितलं, तसं चाचण्यांच्या माहितीबद्दलही सांगितलं. सहभागी व्यक्तींचा कच्चा तपशील उघड करण्याचा आदेश न्यायालयाने दिला नाही. मात्र चाचण्यांचे निष्कर्ष आणि नियमानुसार प्रसिद्ध करायची माहिती विनाविलंब लोकांसमोर यावी, आणि दुष्परिणामांची नोंद लोकांना आणि खासगी डॉक्टरांनाही करता येईल, त्या नोंदी ओळख झाकून सगळ्यांना पाहता येतील अशी सोय करावी, असं सांगितलं. माणूस झाकायचा आणि आकडा दाखवायचा, हा समतोल तिथेही दिसतो.

‘चौकशी सुरू आहे’

मोठी दुर्घटना झाली की हमखास येणारं उत्तर हे. खंड ‘ज’ म्हणतो की तपासाच्या प्रक्रियेत अडथळा येणार असेल तर माहिती नाकारता येते. ‘अडथळा येणार असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात सांगितलं की नुसती चौकशी चालू आहे एवढं कारण पुरत नाही. माहिती दिल्याने अडथळा कसा येईल, हे दाखवावं लागेल. गेल्या महिन्यात भांडारात सलाईनच्या किती बाटल्या होत्या हे लोकांना कळल्याने चौकशी कशी अडते, ते अधिकाऱ्याने लिहावं.

इथे डॉक्टरांची एक रास्त शंका आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. माता मृत्यूंचा आढावा घेताना सगळ्यांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून कोणाचं नाव घ्यायचं नाही आणि कोणावर ठपका ठेवायचा नाही, हे तत्त्व पाळलं जातं. तिथले शब्द उद्या वर्तमानपत्रात येणार असतील तर परिचारिका सांगेल का, की रक्ताची पिशवी दोन तास उशिरा आली? नाही सांगणार. पण त्यासाठी अख्खा अहवाल बंद ठेवायची गरज नाही. कलम १० आहे. एखाद्या कागदात झाकण्यासारखा मजकूर असेल तर तेवढा वगळून उरलेला द्यायचा. जबाब झाका. शिफारशी काय होत्या आणि त्यांतल्या किती अमलात आल्या, हे द्या.

२०२५ चा बदल

आजचा विषय तातडीचा का आहे, ते आता सांगतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याच्या कलम ४४(३) ने ‘आठ-एक-जे’ बदललं, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला.

आधी काय होतं? वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामकाजाशी वा लोकहिताशी संबंध नसावा लागे, किंवा ती दिल्याने खासगी आयुष्यात अनाठायी ढवळाढवळ व्हावी लागे. तरीही व्यापक लोकहित असेल तर ती देता येत होती. शेवटी एक सुंदर कसोटी होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आता त्या सगळ्या जागी उरलं आहे एवढंच: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. बस्स.

सरकारचं म्हणणं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच मान्य केलं, आणि लोकहिताची तरतूद कलम ८(२) मध्ये आहेच. हे खरं आहे. ८(२) शाबूत आहे: संरक्षित हिताला होणाऱ्या हानीपेक्षा उघड करण्यातलं लोकहित मोठं असेल तर यंत्रणा माहिती देऊ शकते. पण व्यवहारात फरक पडतो. रुग्णालयाच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर कोणाचं ना कोणाचं नाव असतं. हजेरीपटावर डॉक्टरचं, मागणीपत्रावर भांडारपालाचं, करारावर पुरवठादाराचं. नाव आहे म्हणून कागद वैयक्तिक, असं म्हणण्याचा मोह आता वाढणार.

पाच कागदांकडे परत

तर त्या पाच कागदांचं उत्तर काय? साठा नोंदवही आणि मागणीपत्रं: द्यावीच लागतात, सही करणाऱ्याचं नाव हवं तर झाका. पदांचा तक्ता: हा तर मागावाही लागू नये, कलम ४ नुसार कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. केसपेपर: त्रयस्थाला नाही. मात्र रुग्णाला स्वतःला, किंवा त्याच्या वतीने अधिकृत व्यक्तीला, वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद मिळायला हवेत, आणि त्यासाठी माहिती अधिकाराची वाटही लागत नाही. खरेदीचे करार: निविदा उघडण्याआधी गुपित, पण करार झाल्यावर जनतेच्या पैशाने कुठल्या दराने काय घेतलं हे झाकायला सबळ कारण लागेल. चौकशी अहवाल: नावं आणि जबाब वगळून.

अर्ज लिहिताना या गोष्टी ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. ‘का’ विचारू नका, कागद मागा. कायदा असलेली माहिती देतो, नवं स्पष्टीकरण तयार करून देत नाही. ‘रुग्णांची नावं, पत्ते, ओळख पटेल असा तपशील वगळून’ हे शब्द स्वतःच लिहा, म्हणजे ‘आठ-एक-जे’ची वाट तिथेच अरुंद होते. कलम १० आणि ८(२) यांचा उल्लेख करा, लोकहित काय ते एका वाक्यात सांगा. सांगणं सक्तीचं नाही, पण बदलानंतर ते शहाणपणाचं आहे. जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांची तरतूद आहे, ती अर्जाच्या वरच लिहा. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

आणि अर्ज दुर्घटनेनंतरच करायचा असं कुठे आहे? आपल्या जिल्हा रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षात खाटा किती, परिचारिका किती, मागच्या तीन महिन्यांत कोणती औषधं संपली होती, हे आज विचारता येतं. या माहितीत कोणाचंही नाव नाही, आणि ती वेळेत मिळाली तर कोणाच्या तरी बाळाच्या उपयोगाची आहे.

इथेच थांबू या.